गोलातला आर

अँटॉप हिलच्या त्या इमारतीत सव्वीस वर्षं
मी दुसऱ्यांची नावं तपासते.
त्यामुळे डोळ्यांना एक खोड लागली आहे.
सकाळी चहाचा पुडा कुठून कापायचा ते शोधताना
आधी तोच दिसतो, नावाच्या खांद्यावर बसलेला
मोहरीएवढा गोल
आणि त्यात कोंबलेला आर.
शेगडीवर आहे. बामच्या बाटलीवर आहे.
परवा सासूबाईंच्या गुडघ्याच्या पट्ट्यावर सापडला,
तर त्या म्हणाल्या, अगं गुडघा बघ, पट्टा काय वाचतेस.

ऑफिससमोरच्या नाखवाला एकदा सांगितलं,
झेरॉक्स हे एका कंपनीचं नाव आहे,
तुझं मशीन तर दुसऱ्याच कंपनीचं.
तो कागद सरळ करत म्हणाला,
"मग मॅडम, मी दिवसभर काय काढतो?"
छायाप्रत म्हणणार होते.
जीभ उचलली नाही.

आमच्या धंद्यात नाव फार चाललं की मरतं.
थर्मास असाच गेला, परदेशातल्या कुठल्याशा कोर्टात.
लोकांच्या तोंडात इतका विरघळला
की मालकाला परत चिमटीत धरता येईना.
न चाललेलं नावही मरतं,
पण त्याला कोर्ट लागत नाही.

लालबागच्या मिठबावकरबाईंना
आपल्या मसाल्यासाठी 'चविष्ट' हवं होतं.
मी शेरा मारला: हा शब्द सगळ्यांचा आहे,
कुणा एकाला देता येणार नाही.
सुनावणीला बाई बरणी घेऊन आल्या.
"चाखून तर बघा, मग सांगा सगळ्यांचा आहे का."
नियमात बसत नव्हतं.
चाखला.
शेरा तसाच ठेवला, पण त्या संध्याकाळी
घरच्या आमटीला मी काही नाव ठेवू शकले नाही,
चांगलं किंवा वाईट.

भायखळ्याला एक पेंटर शिडीवर चढून
'न्यू करंगुटकर फरसाण'च्या शेवटी
निळ्या रंगात गोल ओढत होता.
हे काय हो?
"असतं काहीतरी. शोभतं. पन्नास रुपये जास्त घेतो."
नोंदणी नसताना तो गोल काढला
तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.
त्याचा हात कसा न थरथरता फिरला,
ते बघून मी रस्ता ओलांडला.

ओसाकाहून एक फाइल आली होती.
सोबत पाकिटाचा फोटो: तांदळाचे पापड असावेत,
किंवा साबण.
एक अक्षर कळेल तर शपथ.
पण खाली उजव्या कोपऱ्यात, मुंगीसारखा,
तो.
परक्या गावात सासरचं माणूस भेटावं
तसं काहीतरी वाटलं. आनंद म्हणता येणार नाही.

दर दहा वर्षांनी फी भरावी लागते.
नाही भरली तर नोटीस जाते, मग वाट बघतो,
मग नाव उतरवतो. मी स्वतः कितीतरी उतरवलीत.
मालक गेलेले असतात, पत्ते पडलेले असतात,
माटुंग्याच्या एका हेअर ऑइलची नोटीस
तीनदा परत आली.

लग्नात ताटात तांदूळ पसरले होते.
यांनी अंगठीने त्यात ओढलं: मेधाविनी.
पाच-सहा बायका वाकून बघत होत्या.
"सुरेख," कुणीतरी म्हणालं.
कुठलंही नवं नाव आलं की आम्ही
हरकतीला चार महिने देतो.
तिथे कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही.
तांदूळ नंतर बहुतेक खिरीत गेले.

आज जेवायच्या सुट्टीत
डब्याचं झाकण उताणं ठेवलं टेबलावर,
आणि सव्वीस वर्षांच्या खोडीने वाचलं.
टिंबाटिंबांनी कोरलेलं:
चि. सौ. कां. शरयू हिस
ताईमावशीकडून, १८-५-९७.
भांडीवाल्याचा हात घसरला असणार,
र उगाच मोठा आलाय,
बरोबर गोलाच्या मध्यावर.
रोज घासतात हा डबा, राखेने, साबणाने, तारेने.
फी कधी कुणी भरली नाही.
श पुसट झालाय, यू तर गेलाच.
र अजून बोटाला लागतो.